दुतोंडी शब्द आणि डॉ. जॉन्सन

निरोप घेताना मराठी माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. हातातली बांगडी फुटली तर ती ‘वाढली’, आणि देवघरातला दिवा मालवला तर तो ‘वाढवला’. ‘परवा’ हा शब्द नुसता कानावर पडला तर होऊन गेलेला दिवस की यायचा दिवस, हे क्रियापद येईपर्यंत कळत नाही. संस्कृताच्या विद्यार्थ्याला अमरकोशातला ‘आरात्’ आठवेल. त्याचा अर्थ दूर असाही आहे आणि जवळ असाही. आपल्या भाषेतल्या या गमती इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात, की त्यांत काही विपरीत आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. परक्या भाषेत मात्र पाऊल नेमके तिथेच अडखळते. ‘क्लीव्ह’ म्हणजे घट्ट चिकटून राहणे असे इंग्रजीच्या तासाला एकदा सांगितले, आणि पुढच्या धड्यात ‘क्लीव्ह’ म्हणजे कुऱ्हाडीने दुभंगणे असे सांगितले, तर विद्यार्थ्याचा शिक्षकावरचा विश्वासच डळमळायचा! ‘फास्ट’ म्हणजे वेगवान आणि ‘फास्ट’ म्हणजे जागचे न हलणारे. ‘ओव्हरसाइट’ म्हणजे देखरेख आणि ‘ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचूक. अशा शब्दांना विसाव्या शतकात जेनस या दोन तोंडांच्या रोमन देवाचे नाव मिळाले. त्या आधी दोनशे वर्षे एका माणसाने लंडनमधल्या एका घराच्या माळ्यावर बसून या दुतोंडी शब्दांशी, आणि त्यांच्याबरोबर साऱ्या इंग्रजी भाषेशीच, नऊ वर्षे झुंज घेतली. तो माणूस म्हणजे डॉ. सॅम्युएल जॉन्सन.

मराठी वाचकाला हे नाव परके नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जॉन्सनवर निबंध लिहिला. त्याच्या ‘रासेलस’ या कादंबरीचे भाषांतर वडील कृष्णशास्त्री यांनी आरंभले आणि विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे केले. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्याच्या या पितापुत्रांना जॉन्सनचे इतके आकर्षण का वाटावे, हे त्याचे चरित्र वाचताना हळूहळू उमगू लागते. पंडित असूनही कोणापुढे न वाकणारा लेखक त्यांना त्याच्यात दिसला असला पाहिजे.

जॉन्सनचा जन्म 18 सप्टेंबर 1709 रोजी इंग्लंडमधील लिचफील्ड या गावी झाला. वडील मायकेल पुस्तकविक्रेते होते. घरात पुस्तके मुबलक, पैसा मात्र तुटपुंजा. तान्हेपणीच मुलाला गंडमाळेचा आजार जडला. त्यात एका डोळ्याची दृष्टी बहुतेक गेली, कानांनी कमी ऐकू येऊ लागले आणि चेहऱ्यावर कायमचे व्रण राहिले. राजाच्या स्पर्शाने हा रोग बरा होतो अशी त्या काळी समजूत होती. म्हणून 1712 मध्ये आई त्याला लंडनला घेऊन गेली आणि राणी ॲनने त्याला स्पर्श केला. रोग बरा झाला नाही. पण त्या वेळी मिळालेले सोन्याचे पदक जॉन्सनने जन्मभर गळ्यात बाळगले.

1728 मध्ये तो ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजात दाखल झाला. त्याचे वाचन तेव्हाच अध्यापकांना चकित करण्याइतके होते, पण पायांतले जोडे फाटलेले. कोणा सहृदय व्यक्तीने रात्री त्याच्या दाराशी नवे जोडे आणून ठेवले. सकाळी ते दृष्टीस पडताच त्याने रागारागाने भिरकावून दिले. तेरा महिन्यांनी पैशाअभावी त्याला पदवीवाचून ऑक्सफर्ड सोडावे लागले. हा जोड्यांचा प्रसंग बहुतेक चरित्रकार कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुकापेक्षा एक प्रश्न अधिक दिसतो. देणाऱ्याच्या दृष्टीने ती मदत होती. घेणाऱ्याच्या दृष्टीने तो अपमान होता. वस्तू एकच, अर्थ दोन. हा प्रश्न पुढे जन्मभर या माणसाच्या पाठीशी लागला.

याच काळातली दुसरी गोष्ट अशी. वडील शेजारच्या उटॉक्सेटर गावच्या बाजारात पुस्तकांचे दुकान मांडीत. आजारी असल्यामुळे एके दिवशी त्यांनी मुलाला आपल्याऐवजी जाण्यास सांगितले. ऑक्सफर्ड पाहिलेल्या मुलाने अभिमानाने नकार दिला. 1731 मध्ये वडील वारले. जवळजवळ पन्नास वर्षांनी, सारे इंग्लंड ज्याला ओळखत होते असा वृद्ध जॉन्सन त्या बाजारात गेला, आणि वडिलांचे दुकान जिथे असे तिथे भर पावसात, उघड्या डोक्याने, लोकांच्या नजरा सोशीत बराच वेळ उभा राहिला.

1735 मध्ये त्याने एलिझाबेथ पोर्टर या विधवेशी विवाह केला. ती त्याच्याहून वीस वर्षांनी मोठी होती. लोक हसले, पण जॉन्सनचे तिच्यावर अखेरपर्यंत प्रेम होते. तिच्या पैशातून एडिअल येथे काढलेली शाळा चालली नाही. तिथल्या मोजक्या विद्यार्थ्यांपैकी डेव्हिड गॅरिक हा एक. 1737 मध्ये हे गुरुशिष्य नशीब काढण्यासाठी लंडनला निघाले. गॅरिक थोड्याच वर्षांत रंगभूमीचा सम्राट झाला. गुरूच्या वाट्याला मात्र मासिकांची पडेल ती हमाली आली.

1746 मध्ये लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांच्या एका मंडळीने त्याच्याशी इंग्रजी शब्दकोशाचा करार केला. मोबदला 1,575 पौंड, आणि मदतनिसांचा पगारही त्यातूनच भागवायचा. काम तीन वर्षांत संपेल, असे जॉन्सनने छातीठोकपणे सांगितले. फ्रेंच अकादमीच्या चाळीस विद्वानांना याच कामासाठी कितीतरी दशके लागली होती, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. 1747 मध्ये त्याने कोशाची योजना छापली आणि ती लॉर्ड चेस्टरफील्ड या बड्या सरदाराला अर्पण केली. त्या योजनेतली उमेद आज वाचताना मौज वाटते. भाषेला स्थिर करावे, शब्दांचे अर्थ एकदाचे ठरवून टाकावेत, प्रथम मूळ अर्थ, मग त्यातून निघालेला, मग लाक्षणिक, अशी नीट उतरंड लावावी, असा तो बेत होता.

गफ स्क्वेअरमधल्या घराच्या माळ्यावर काम सुरू झाले. मदतीला सहा लेखनिक, त्यांपैकी पाच स्कॉटलंडचे. ज्याने ‘ओट्स’ या धान्याची व्याख्या करताना इंग्लंडात ते घोडे खातात आणि स्कॉटलंडात माणसे, असा चिमटा काढला, त्याच्या कोशाची मजुरी बहुतांशी स्कॉच हातांनीच केली! जॉन्सन ग्रंथ वाची, हवा तो शब्द दिसला की खाली पेन्सिलीची रेघ ओढी आणि समासात शब्दाचे आद्याक्षर लिही. लेखनिक ते वाक्य उतरवून घेत व अक्षरानुक्रमे लावीत. म्हणजे आधी अर्थ ठरवून मग उदाहरण शोधायचे, असा प्रकार नव्हता. आधी साक्षीदार गोळा करायचे, मग निवाडा द्यायचा.

आणि साक्षीदार एकमेकांविरुद्ध बोलू लागले. बायबलच्या इंग्रजी भाषांतरात पुरुष पत्नीशी एकनिष्ठपणे जोडलेला राहतो तिथे ‘क्लीव्ह’, आणि लाकूड फोडले जाते तिथेही ‘क्लीव्ह’. ‘लेट’ म्हणजे होऊ देणे हे शाळकरी पोरालाही ठाऊक. पण पहिल्या अंकात बापाच्या भुतामागे निघालेला हॅम्लेट आपल्याला अडवणाऱ्या सोबत्यांना धमकावतो, तेव्हा ‘लेट’ हेच क्रियापद तो अडवणे या अर्थाने वापरतो. हा दुसरा ‘लेट’ अजूनही मेलेला नाही. टेनिसमध्ये जाळीला चाटून गेलेल्या सर्व्हिसला ‘लेट’ म्हणतात तो हाच, आणि भारतीय पासपोर्टावर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती छापलेली असते, तीत धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावे हे सांगताना आलेला ‘लेट’ही हाच.

असे होते कसे? ‘क्लीव्ह’ आणि ‘लेट’ यांच्या बाबतीत उत्तर सोपे आहे. प्राचीन इंग्रजीत हे दोन-दोन वेगळे शब्द होते. उच्चार झिजत झिजत ते एकसारखे झाले, आणि दोन नद्यांचे पाणी एका पात्रात आले. ‘फास्ट’ची कहाणी निराळी. त्याचा मूळ अर्थ घट्ट, पक्का. घट्ट धरणे, त्यावरून नेटाने करणे, नेटाने धावणे आणि नेटाने धावणारा तो वेगवान, अशी वाट चालत स्थिरतेचा शब्द गतीचा झाला. ‘रॅव्हल’ हा शब्द तर विणकाम करणाऱ्या कोणत्याही बाईला समजावा लागणार नाही. लोकरीचा विणलेला पट्टा उसवला की सुटलेल्या धाग्याचा हमखास गुंता होतो. म्हणून ‘रॅव्हल’ म्हणजे उसवणे आणि ‘रॅव्हल’ म्हणजेच गुंतवणे. जॉन्सनने दोन्ही अर्थ नोंदवले आहेत. ‘ओव्हरसाइट’मध्ये नजर वरून फिरते. ती लक्षपूर्वक फिरली तर देखरेख, नुसतीच वरवर फिरली तर चूक.

एखादा कडक पंतोजी असता तर त्याने या जोड्यांतला एक अर्थ शुद्ध आणि दुसरा भ्रष्ट ठरवून मोकळा झाला असता. जॉन्सनचा पिंड पंतोजीचाच होता. न आवडणाऱ्या शब्दांना तो कोशातच हलके, गावंढळ अशी शेलकी विशेषणे चिकटवी. पण दोन विरुद्ध अर्थांमागे चांगल्या लेखकांची साक्ष असली, की तो ते दोन्ही नोंदवी. एकट्या ‘टेक’ या क्रियापदाचे त्याने 134 अर्थ दिले आहेत. हे करता करता पहिला आराखडा मोडून पडला. तयार झालेले हस्तलिखित पुष्कळसे बाजूला ठेवून काम नव्याने मांडावे लागले. तीन वर्षांची नऊ झाली. मध्येच, 1752 मध्ये, पत्नीचे निधन झाले. 15 एप्रिल 1755 रोजी दोन प्रचंड खंड बाहेर पडले, तेव्हा त्यांत सुमारे 42,700 शब्द आणि एक लाखाहून अधिक अवतरणे होती. प्रस्तावनेत जॉन्सनने प्रांजळपणे लिहिले, की भाषेला स्थिर करण्याची आपली आशा अनुभवाने फोल ठरवली. माणसे मरतात तशी भाषा बदलते, आणि तिला औषधी लेप लावून जतन करू म्हणणारा कोशकार हास्यास्पद ठरतो. 1747 चा जॉन्सन आणि 1755 चा जॉन्सन यांच्यामध्ये हे दुतोंडी शब्द उभे आहेत, असे मला वाटते.

चुका झाल्या नाहीत असे नाही. त्यांतली एक आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठी गमतीची आहे. खलाशांच्या भाषेत ‘विंडवर्ड’ म्हणजे वाऱ्याच्या रोखाची बाजू आणि ‘लीवर्ड’ म्हणजे तिच्या नेमकी उलट बाजू. जॉन्सनने दोन्ही शब्दांना एकच व्याख्या दिली! एका शब्दाला दोन विरुद्ध अर्थ देणाऱ्या भाषेवर त्याने दोन विरुद्ध शब्दांना एक अर्थ देऊन जणू सूड उगवला. कोश हाती धरून गलबत हाकारण्याची बुद्धी कोणा खलाशाला झाली नाही हे नशीब.

पण खरी कसोटी लागली ती ‘पेट्रन’ आणि ‘पेन्शन’ या दोन शब्दांवर. चेस्टरफील्डने योजनेच्या वेळी दहा पौंड दिले आणि पुढे सात वर्षे ढुंकून पाहिले नाही. कोश प्रसिद्ध होणार असे दिसताच मात्र या सरदारसाहेबांनी एका नियतकालिकात कोशाची स्तुती करणारे दोन लेख लिहिले. अर्पणपत्रिका आपल्या नावाने यावी, हा हेतू उघड होता. 7 फेब्रुवारी 1755 रोजी जॉन्सनने त्यांना पत्र लिहून सांगितले, की बुडणाऱ्याची धडपड तटस्थपणे पाहायची आणि तो काठाला लागल्यावर मदतीची गर्दी करायची, याला आश्रय म्हणत नाहीत. चेस्टरफील्ड असा थंड रक्ताचा, की ते पत्र त्याने टेबलावर ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. कोशात ‘पेट्रन’ शब्दापुढे आधी पाठीराखा, रक्षणकर्ता असा सरळ अर्थ आहे. आणि त्यालाच जोडून असे, की बहुधा हा उर्मटपणे मदत करणारा आणि मोबदल्यात खुशामत घेणारा एक नीच मनुष्य असतो. म्हणजे चिकटणे आणि फोडणे यांच्याप्रमाणे रक्षक आणि नीच हेही एका शब्दाखाली शेजारी-शेजारी बसले. पूर्वी लिहिलेल्या एका कवितेत विद्वानाच्या भोगांची यादी होती. तीत ‘माळ्यावरची खोली’ या अर्थाचा शब्द होता, तो खोडून त्याने त्याच साली तिथे ‘पेट्रन’ घातला.

‘पेन्शन’चीही तीच गत. आधी साधा अर्थ: कोणालाही काही मोबदला न घेता दिलेली नेमणूक. आणि मग पुस्ती: इंग्लंडात मात्र याचा अर्थ देशद्रोहाबद्दल सरकारी भाडोत्र्याला मिळणारे वेतन असा समजला जातो.

हे छापून झाले. कीर्ती पसरली, ऑक्सफर्डने मानाची एम. ए. पदवी दिली, दारिद्र्य मात्र हटले नाही. 1756 मध्ये पाच पौंड अठरा शिलिंगांच्या कर्जापायी त्याला अटक झाली आणि कादंबरीकार रिचर्डसनने पैसे पाठवून सोडवले. 1759 मध्ये आई वारली. तिच्या अंत्यविधीचा खर्च भागवण्यासाठी त्याने आठवडाभर संध्याकाळी बसून ‘रासेलस’ लिहून काढली. अशा स्थितीत जुलै 1762 मध्ये पंतप्रधान लॉर्ड ब्यूट यांच्याकडून निरोप आला, की राजे तिसरे जॉर्ज आपल्याला सालीना 300 पौंडांचे पेन्शन देऊ इच्छितात.

आता काय करावे? कोश घरोघरी पोहोचला होता. व्याख्या कोणालाही उघडून दाखवता येत होती. जॉन्सन चित्रकार रेनॉल्ड्सकडे गेला आणि आपणच केलेल्या व्याख्येनंतर हे पैसे घेणे शोभेल काय, असे विचारले. रेनॉल्ड्सने सांगितले, की ती व्याख्या तुम्हाला लागू पडत नाही. ब्यूटनेही खुलासा केला, की हे पुढे काही करावे म्हणून नव्हे, आजवर जे केलेत त्याबद्दल आहे. जॉन्सनने पेन्शन स्वीकारले.

विरोधकांनी अर्थातच गिल्ला केला. पुढे 1770 नंतर त्याने सरकारच्या बाजूने राजकीय पुस्तिका लिहिल्या. 1775 च्या पुस्तिकेत तर अमेरिकन वसाहतींच्या कराविरोधी तक्रारीची त्याने कठोर खिल्ली उडवली. तेव्हा कोशातली ती व्याख्या त्याच्याच तोंडावर फेकली गेली. हा आक्षेप अगदीच पोकळ होता असे मला वाटत नाही. मते त्याची पूर्वीपासूनची होती हे खरे, पण लेखणी उचलायला सरकारचा इशारा लागला हेही खरे. मात्र एक गोष्ट त्याच्या बाजूने नोंदवायला हवी. 1773 मध्ये त्याने कोशाची सुधारलेली चौथी आवृत्ती काढली. शेकडो नोंदींवर हात फिरवला. ‘पेन्शन’ची व्याख्या सौम्य करणे तेव्हा त्याच्या हाती होते. त्याने ती तशीच ठेवली.

1763 च्या मे महिन्यात एका पुस्तकाच्या दुकानात जेम्स बॉस्वेल या तरुण स्कॉच गृहस्थाशी त्याची गाठ पडली. बॉस्वेलने 1791 मध्ये लिहिलेल्या चरित्रामुळे जॉन्सनच्या लकबी, त्याचे अखंड चहापान, रस्त्यातल्या खांबांना हात लावीत चालणे, सारे जगाला पाठ झाले. त्या चरित्रातला जॉन्सन म्हणजे गप्पांच्या अड्ड्यावरचा सिंह. घरातला जॉन्सन वेगळा. तिथे ॲना विल्यम्स ही आंधळी विदुषी, गोरगरिबांना औषध देणारा रॉबर्ट लेव्हेट, आणखी काही निराधार माणसे, अशी धर्मशाळाच असे. ती सारी आपापसांत भांडत आणि यजमान घरी जायला भीत. जोडे भिरकावून देणारा हा माणूस आता स्वतःच आश्रयदाता झाला होता, आणि आश्रितांची टोचणी निमूट सोशीत होता.

या घरात 1752 पासून फ्रान्सिस बार्बर हा मुलगा होता. जमैकात गुलामगिरीत जन्मलेला, पत्नीच्या निधनानंतर काही आठवड्यांतच जॉन्सनकडे आलेला. कामाला नोकर, पण जॉन्सनने त्याला स्वखर्चाने शाळेत घातले. राजनिष्ठ, जुन्या वळणाच्या जॉन्सनने ऑक्सफर्डच्या प्रतिष्ठित मंडळींसमोर एकदा वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या पुढच्या बंडाला शुभेच्छा देऊन प्याला उचलला होता. अमेरिकन वसाहतवाल्यांवरचा त्याचा राग कशातून येत होता, हे इथे थोडे दिसते. त्यांच्या तोंडचा ‘लिबर्टी’ हा शब्द त्याला गुलामांच्या मालकांकडून ऐकायचा नव्हता.

1784 च्या डिसेंबरात अखेर जवळ आल्याचे डॉक्टरांकडून कळताच त्याने औषधे थांबवली. देवापुढे जाताना बुद्धी स्वच्छ असावी म्हणून अफूही नाकारली. 13 डिसेंबरला संध्याकाळी तो वारला आणि वेस्टमिन्स्टर ॲबेत गॅरिकच्या शेजारी त्याचे दफन झाले. मृत्युपत्र उघडले तेव्हा त्याच्या मित्रमंडळींतल्या काहींच्या भुवया उंचावल्या. मालमत्तेचा मोठा भाग बार्बरला दिलेला होता, आणि त्याला वर्षाला 70 पौंडांची नेमणूक जन्मभर मिळावी अशी तरतूद होती. कोशातल्या ‘पेन्शन’चा तो पहिला अर्थ.